मीठ-साखर-पाण्याचा वॉर्ड

पोलिसातून रिटायर झालेल्या माणसाला लोक चहा पाजून किस्से विचारतात. एसटीच्या कंडक्टरलाही विचारतात. लहान मुलांच्या वॉर्डात उभा जन्म काढलेल्या सिस्टरला मात्र कुणी विचारत नाही! ही काय सांगेल, याची धास्ती वाटत असणार. पण कुणी विचारलं नाही म्हणून किस्से साठायचे राहत नाहीत. मोरीच्या जाळीत केस साठतात ना, तसे साठतात. दिसत नाहीत. पाणी तुंबलं की कळतं.

आज तुम्हीच विषय काढलाय, तर ऐका. मध्येच "बास कर सुमन" म्हणायचं नाही.

आमचं इस्पितळ पिंपरीत, मुंबई-पुणे रस्त्यापासून थोडं आत. मी सांगतेय ते सत्तर ते ऐंशी सालाच्या मधलं. कंपन्यांच्या नव्या शेड उठत होत्या, आणि बीड, नगर, सातारा, कोकण, कुठून कुठून माणसं येऊन खोल्यांमध्ये भरत होती. एका खोलीत दोन दोन बिऱ्हाडं आणि अख्ख्या चाळीला एक नळ. वॉर्डात कायमची माणसं तीन. मुलांचे डॉक्टर निमकर, आया गयाबाई आणि मी. गयाबाई दापोडीच्या. नवरा वर्कशॉपमध्ये, घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो, आणि आवाज असा की दापोडीतून हाक मारली तर पिंपरीत ऐकू यावी.

पावसाळ्यात हगवण सगळीकडेच असते. आमच्याकडे खरी गर्दी व्हायची ती थंडीत. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की डॉक्टर म्हणायचे, "सुमन सिस्टर, सलाइनच्या बाटल्या मोजून घ्या. पाहुणे निघाले असतील."

पाहुणे सगळे एकाच वयाचे. बसायला लागलेले, पण धड चालायला न लागलेले. आधी उलट्या, मग ताप, मग नुसतं पाणी. सकाळी खिदळणारं पोर संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्यासारखं दिसायला लागायचं. डोळे आत, टाळू खाली, आणि रडताना डोळ्यांत टिपूस नाही.

* * *

पहिला किस्सा इंजिनचा.

भोसरीकडच्या एका कंपनीतला फिटर, नाव पांडुरंग. पोराला घेऊन आला तेव्हा पोराच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. मी विचारलं, "पाणी काय दिलं?"

"पानी बंद केलंय. कालपासनं थेंब न्हाई."

"अहो, का?"

पांडुरंग माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच येडी. "सिस्टर, टाकी खालनं गळतीय. वरनं कशाला वतायचं?"

घरोघरी हेच होतं! जुलाब म्हणजे पाणी जास्त झालं, म्हणून पाणी तोडा. अंगावरचं दूधसुद्धा तोडायचे. मी तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टर पुढे झाले.

"पांडुरंग, इंजिनमधलं ऑइल गळायला लागलं आणि तुम्ही वरून घातलंच नाही, तर काय होईल?"

"सीझ हुईल की."

"मग?"

पांडुरंगाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं पोराकडे पाहिलं आणि एकदम बायकोवर ओरडला, "अगं बघतीस काय, वाटी आन!"

मीठ, साखर, उकळून गार केलेलं पाणी. चमच्या चमच्यानं पाजत राहायचं, उलटी झाली तर जरा थांबून पुन्हा पाजायचं. त्या बहाद्दरानं बायकोला चमचा धरू दिला नाही. स्वतः पाजलं. पोर उठलं. पांडुरंगानं सगळ्या चाळीत बातमी केली की जुलाब लागले की पोराला ऑइल द्यायचं, डॉक्टरांनी सांगितलंय. आम्ही खूश! चाळीतल्या बायका नळावर एकमेकींना विचारायला लागल्या, "ऑइल दिलं का गं?"

मग एके दिवशी त्याच चाळीतली एक म्हातारी नातीला घेऊन आली. नात चिंधीसारखी लोंबत होती. जुलाब थांबता थांबत नव्हते.

"आजी, काय दिलं हिला?"

"तुमीच सांगितल्यालं. ऑइल."

"किती दिलं?"

"दोन चमचं एरंडेल."

ती नात राहिली नाही. आजीला आम्ही कुणीच काही बोललो नाही. बोलणार तरी काय? डॉक्टर खोलीत आले, हात धुतले, आणि म्हणाले, "आजपासून या वॉर्डात उपमा बंद. सरळ बोलायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात नाश्त्याला पोहे आले. मी विचारलं, तर गयाबाई म्हणाल्या, "डाक्टरांनीच सांगितलं ना, उपमा बंद!"

त्या दिवशी कुणी हसलं नाही. पुष्कळ वर्षांनी हसलो.

* * *

पाण्यात मीठ किती घालायचं, हा रोजचा प्रश्न. कुणी मूठभर घालायचं, कुणी नावाला. मीठ जास्त झालं तर पोर आणखीच खालावायचं. म्हणून डॉक्टरांनी सोपी खूण काढली होती. पाणी करून आधी आईनं चाखायचं. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं.

बीडकडची एक बाई होती. दुष्काळात गाव सोडून आलेली, तळवड्याकडे वीटभट्टीवर काम करायची. आधीचं एक लेकरू वाटेतच गेलेलं, आता हे दुसरं मांडीवर. मी तिला समजावून सांगितलं आणि विचारलं, "लक्षात राहील ना? डोळ्यांतल्या पाण्याएवढं खारट, त्याच्यापेक्षा जास्त नाही."

ती म्हणाली, "ते माप नाही चुकायचं, बाई."

* * *

गुटगुटीत बालक स्पर्धा आठवतात का? प्रत्येक कॉलनीत व्हायच्या. मंडळाचा मांडव, लाउडस्पीकर, आणि पावडर थापलेली, काजळाची तीट लावलेली पोरं ओळीनं. एका वर्षी परीक्षक म्हणून आमच्या डॉक्टरांनाच बोलावलं. डिसेंबरातली सकाळ. मीही गेले होते, वजनं घ्यायला हवीत ना!

टेबलावर आमच्याच वॉर्डातला काटा आणि काट्याच्या पारड्यात मऊ दुपटं. एकेक आई यायची, पोराला उघडं करून पारड्यात ठेवायची. अध्येमध्ये एखादं पोर पारड्यातच कार्यक्रम उरकायचं! लोक हसायचे, आई लाजायची, मंडळाचा पोरगा दुपट्याची घडी उलटी करायचा, आणि पुढचं पोर त्याच दुपट्यावर.

पहिला नंबर आला एका मशिनिस्टच्या मुलाचा. त्याला सगळे राजा म्हणायचे. दंडाला वळ्या, गालाला खळ्या. प्रमुख पाहुण्यांनी त्याला उचलून धरलं तेव्हा त्यानं त्यांची टोपी ओढली आणि मांडवभर टाळ्या झाल्या.

तो आठवडा संपायच्या आत पहिली आई आली. मग दुसरी. मग रिक्षातून दोघी एकदम उतरल्या. प्रत्येकीला बघून गयाबाई म्हणत होत्या, "ह्ये बी तिथलंच!" दुसरा नंबर आला, तिसरा आला, उत्तेजनार्थवाले आले. अख्खी स्पर्धा आमच्या वॉर्डात पुन्हा भरली. काटाही तोच, पण या वेळी वजनं उलटी जात होती.

राजा शेवटी आला. उशिराच आला. आईबापांना वाटलं होतं, एवढं दणकट पोर, सहज पेलेल. दोन दिवस घरीच वाट बघितली होती.

तो गेल्यावर त्याच्या आईनं हंबरडा वगैरे काही फोडला नाही. डॉक्टरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "डॉक्टर, तुम्हीच दिला होता ना पहिला नंबर?"

डॉक्टर म्हणाले, "हो."

"मग?"

एवढंच.

पुढच्या वर्षी मंडळाची पोरं पुन्हा बोलवायला आली. "सर, तुम्हीच नंबर काढायचे." डॉक्टरांनी त्यांना वॉर्डाच्या दारात नेलं, आतल्या खाटा दाखवल्या आणि म्हणाले, "माझ्याकडे आता एकच नंबर आहे. जिवंत आहे ना? पहिला!"

* * *

कोकणातून आलेला एक बाप होता, सावंत. गाड्यांची चाकं बनवणाऱ्या शॉपमध्ये कामाला. त्याची मुलगी दाखल होती, आणि तो शिफ्ट सुटली की डबा हातात घेऊन थेट यायचा.

डॉक्टर त्या दिवशी पुण्याहून एक परदेशी मासिक घेऊन आले होते. त्यात एका जंतूचा फोटो. साध्या सूक्ष्मदर्शकातून न दिसणारा, नवीनच सापडलेला. थंडीतले हे जुलाब बहुतेक यानंच होतात, असं डॉक्टरांचं म्हणणं. फोटोत गोल गोल ठिपके, मध्ये तुंबा, बाहेर आऱ्या आणि कडेनं धाव. चाकाचीच आकृती!

डॉक्टर उत्साहात होते. इतकी वर्षं शत्रूचं तोंड माहीत नव्हतं, आता दिसलं! समोर येईल त्याला ते फोटो दाखवत होते. सावंतालाही दाखवला.

सावंतानं नीट निरखून पाहिला. विचारलं, "ह्याच्यावर औषध काय हो?"

"औषध नाही अजून. पाणी पाजत राहायचं. शरीर आपोआप झटकून टाकतं. तोवर टिकवायचं."

सावंतानं मासिक परत दिलं. मुलीच्या खाटेकडे बघत म्हणाला, "दिवसभर आम्ही चाकंच पाठवतो हो बाहेर. हे एक परत आलं म्हणायचं."

मुलगी वाचली त्याची. पण डॉक्टरांनी ते मासिक पुन्हा कुणाला दाखवलं नाही.

* * *

दातांचा किस्सा लहान आहे, पण मला तो सगळ्यांत जास्त टोचतो.

चाकणकडच्या एका खेड्यातली आजी. जुनं घराणं, नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू. नातवाला सुनेच्या मांडीवर टाकून आणलेलं. सून गप्प. सगळं आजीच बोलत होत्या.

"काय न्हाई वो, दात येत्यात. दात येताना पोराला हगवन लागतीच. सुनंला घोर लागला म्हनून आनलं. आमी सात पोरं वाढवली."

डॉक्टर नाडी बघत होते. म्हणाले, "सातही मुलांना दात येताना जुलाब झाले?"

"समद्यास्नी झालं!"

"आता किती आहेत?"

"तिघं हायती. थोरला कंपनीत हाय."

"आणि बाकीची?"

आजी पदरानं नातवाचं तोंड पुसत होत्या. अगदी सहज म्हणाल्या, "त्यांचं दात यायचं ऱ्हायलं."

म्हणाल्या, आणि मग त्यांचा हात पोराच्या तोंडावरच थांबला. सुनेनं पहिल्यांदा मान वर करून सासूकडे पाहिलं. आजींनी माझ्या हातातली वाटी घेतली आणि सुनेच्या हातात दिली.

* * *

आमच्याकडे झोपड्यांतलीच पोरं यायची असं समजू नका हं. या आजाराला बंगलाही चालायचा.

मिसेस प्रधान एका मोठ्या कंपनीतल्या साहेबांच्या मिसेस. घर आरशासारखं. पाणी उकळून, गाळून. बाळाची बाटली दर वेळी उकळत्या पाण्यातून. तरी बाळ आलंच आमच्याकडे, तसंच लोंबत. त्यांना फार अपमान वाटला. वॉर्डात पाऊल टाकल्यापासून एकच धोशा, "आमच्याकडे हे येणं शक्यच नाही! बाईनंच आणलं असणार. मी तिला सांगितलंय, आता यायचं नाही."

बाई म्हणजे शांता. काळेवाडीची. धुणं, भांडी आणि बाळाला सांभाळणं.

बाळ हळूहळू सुधारत होतं. अशात एका सकाळी शांताच आली. कडेवर तिची मुलगी. मिसेस प्रधान शेजारच्याच स्टुलावर बसलेल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि लगेच नजरा फिरवल्या.

डॉक्टर विचारत होते, "हिला कधीपासून?"

"परवापासनं."

"त्याआधी काही?"

"न्हाई. मागं गोवर येऊन गेल्ता, तवापासनं अंग धरलंच न्हाई तिनं."

"घरात दुसऱ्या कुणाला झालं होतं?"

"न्हाई जी. घरात न्हाई." शांता जरा थांबली. मिसेस प्रधानांकडे न बघता, खालमानेनं म्हणाली, "बाळाचे लंगोट मीच धूत होते ना सगळे. कामाला येऊ नको म्हनायच्या दिवसापत्तर."

कुणी कुणाला दिलं, ते तिथं बसलेल्या सगळ्यांना कळलं होतं.

बंगल्यातलं बाळ अंगानं भरलेलं होतं, त्यानं पेललं. शांताच्या पोरीकडे पेलायला काही शिल्लकच नव्हतं. ती गेली तेव्हा शांतानं तिचं झबलं सारखं केलं आणि तिला उचलून घेतलं. मिसेस प्रधान उठून दोन पावलं पुढे आल्या आणि तिथंच थांबल्या. शांता त्यांच्या शेजारून निघून गेली.

मग त्यांनी काय केलं माहितीये? बाळाच्या खाटेखालची बादली उचलली, मोरीवर गेल्या आणि बाळाचे लंगोट धुवायला बसल्या. रेशमी साडी, हातात बांगड्या. गयाबाई धावल्या, "अवो बाई, ऱ्हाऊ द्या, माझं काम हाय ते!"

मिसेस प्रधान म्हणाल्या, "हात लावू नका. कुणी हात लावू नका."

घरी जाईपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही.

* * *

सलाइन लावायला पोराच्या हाताची शीर सापडेना की आम्ही डोक्याची शोधायचो. त्यासाठी एका बाजूचे केस काढावे लागत. आता तुम्हीच सांगा, वर्षाच्या आतल्या पोराचे केस म्हणजे काय? जावळ! मामाच्या मांडीवर बसवून, देवाला नेऊन काढायचं जावळ. त्याला एका परक्या डॉक्टरनं इस्पितळात ब्लेड लावायचं?

देहूच्या बाजूचं एक कुटुंब होतं. पोराची आजी खाटेच्या आडवी उभी राहिली. "खंडोबाचं नवसाचं जावाळ हाय. मामा आल्याबिगर हात लावायचा न्हाई!"

"मामा कुठंय?"

"चाकणला. सांगावा धाडलाय. यील यष्टीनं."

डॉक्टरांनी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. "आजी, एसटी येईपर्यंत हा थांबणार नाही."

आजी रडत होती, पण हटत नव्हती. पोराची आई एकदा सासूकडे बघायची, एकदा डॉक्टरांकडे.

शेजारच्या खाटेवर रफिक बसला होता. दापोडीचा वेल्डर. त्याची मुलगी त्या खाटेवर होती आणि तिचं काही खरं नव्हतं. तो उठला आणि पोराच्या आईला म्हणाला, "ताई, पोरगा माझ्या मांडीवर द्या."

आजी म्हणाली, "तुमी कोन?"

"आता हिला ताई म्हटलं ना? मग मामाच झालो की!"

आजी बघतच राहिली. मग तिनं नातवाच्या अंगाखालचं दुपटं ओढून काढलं आणि उपरणं घालतात तसं रफिकच्या खांद्यावर घातलं. रफिक खाली मांडी घालून बसला. डॉक्टरांनी केस काढले, आजीनं ओंजळीत झेलले. शीर सापडली. पोरगा संध्याकाळपर्यंत डोळे उघडून इकडेतिकडे बघायला लागला.

रफिकची मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

आणि त्याच सकाळी चाकणहून खरा मामा आला. डोक्याला कोरी पांढरी टोपी, हातात नारळ, जावळासाठी म्हणून तयार होऊन आलेला. आजीनं त्याला दारातच गाठून दोन शब्दांत सगळं सांगितलं. त्यानं नारळ बहिणीच्या हातात दिला, भाच्याकडे नुसतं एकदा बघितलं आणि मुलीला घेऊन निघालेल्या रफिकच्या मागोमाग निघाला. दफन होईपर्यंत त्याच्याबरोबर राहिला.

कब्रस्तानात रफिकच्या वस्तीतल्या कुणीतरी विचारलं म्हणे, हे टोपीवाले कोण?

रफिक म्हणाला, "मामू हैं."

* * *

आता एकच सांगते आणि थांबते.

जानेवारी होता. त्या वर्षी थंडी अशी की वॉर्डातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. एक बाई आली, एकटीच. नवरा ट्रकवर, लांब गेलेला. बाई तरणीच होती, पण चेहरा करपलेला. पोरगा वर्षाच्या आतबाहेरचा, अंगात काही उरलेलं नाही. मी दाखल करून घेताना नेहमीसारखं विचारलं, "बाळाचं नाव?"

ती गप्प.

मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं.

"न्हाई."

"नाही म्हणजे? बारसं झालं नाही?"

"झालंय."

"मग सांगा की."

तिनं मान हलवली. गयाबाई वैतागल्या. "अगं ए, पोराला हाक तरी मारावी लागंल का न्हाई? काय म्हनून हाक मारायची?"

ती म्हणाली, "हाक मारू नका."

मग हळूहळू कळलं. याच्या आधी तिची तीन गेली होती. तिन्ही वेगवेगळ्या दवाखान्यांत, तिन्ही असल्याच थंडीत. दर वेळी दारात कुणीतरी नाव विचारलं, हिनं सांगितलं. आणि नाव सांगितलं, ते पोर परत आलं नाही. "नाव इथं बोललं की तिकडं ऐकू जातं," असं म्हणाली.

गयाबाई असल्या गोष्टींवर तुटून पडायच्या. आमच्या बाबासाहेबांनी हे सगळं मोडीत काढलंय, असं ठणकावून सांगायच्या. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. म्हणाल्या, "सिस्टर, बेबी लिहा."

मी बेबी लिहिलं.

हाताला शीर नाही, पायाला नाही. डोक्याला एक सापडली, तीही फुटली. डॉक्टर घामेघूम, एवढ्या थंडीत! शेवटी त्यांनी सुई ट्रेमध्ये टाकली आणि तिला म्हणाले, "आता फक्त तू आहेस. वाटी घे. थांबू नकोस."

ती थांबली नाही. चमचा भरायचा, ओठांना लावायचा, निम्मं गळायचं, पुसायचं, पुन्हा भरायचा. उलटी झाली की अंग पुसून घ्यायची, जरा दम धरायची, पुन्हा सुरू. गयाबाईंनी तिला भाकरी आणून दिली, तिनं डाव्या हातानं खाल्ली. उजव्या हातात चमचा. तोंडानं मात्र एक शब्द नाही. बाकीच्या आया पोरांना सोन्या, बाळा, राजा करत असायच्या. ही मुकीच. पोराला गोंजारायची, पण हाक नाही.

मला वाटलं होतं, जाणार. खोटं कशाला बोलू? डॉक्टरांनाही वाटलं होतं. राउंडला ते त्या खाटेशी सगळ्यांत शेवटी यायचे.

मग एका दुपारी गयाबाईंची आरोळी आली, "डाक्टर! मुतलं! पोरगं मुतलं!"

अख्खा वॉर्ड उठून बघायला आला. ओलं झालेलं दुपटं गयाबाई झेंड्यासारखं धरून उभ्या होत्या. डॉक्टर आले, टाळूवर बोट ठेवलं, आणि खाली बघत चष्मा पुसायला लागले.

घरी जायच्या दिवशी ती पोराला कडेवर घेऊन निघाली. पोरगं वाळलेलं, पण मान ताठ. सगळीकडे टकामका बघत होतं. आम्ही तिघंही फाटकापर्यंत गेलो. असं आम्ही कधी करत नसू.

गयाबाईंना राहवेना. "आता तरी सांग गं बाई. काय नाव हाय ह्याचं?"

तिनं डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग इस्पितळाच्या इमारतीकडे पाहिलं. फाटकाच्या बाहेर पडली, रस्ता ओलांडला, पलीकडच्या पानटपरीपाशी पोचली. तिथं थांबली आणि पोराच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाली.

आम्हाला ऐकू आलं नाही. मधून एक ट्रक गेला.

ट्रक गेल्यावर बघितलं, तर पोरानं मान वळवली होती आणि तिच्याकडे बघून हसत होतं.